ओळख आणि वशिला

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. चिटणीस निमंत्रण घेऊन घरी आले तेव्हा मला वाटले, जुन्या गणेशोत्सवांच्या आठवणी सांगा असे ते म्हणतील. ते म्हणाले, "काका, आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. आपल्या मंडळातील पाच-सहा मुलामुलींना इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये शिरावयाचे आहे. मुले हुशार आहेत. पण त्यांच्या महाविद्यालयांत त्या बँका पाऊलच टाकीत नाहीत. तुम्ही त्या व्यवसायात आयुष्य काढलेत, त्यांना वाट दाखवा." उत्सवाच्या मांडवात हा विषय काहींना रुक्ष वाटेल. तथापि तो आपल्या घरांशी किती निगडित आहे, हे शेवटपर्यंत ऐकल्यावर आपणांस पटेल अशी मला आशा आहे.

आपले वाडवडील दिल्लीस कसे आले? निम्म्याहून अधिक घरांत याचे उत्तर एकच मिळेल : परीक्षा देऊन. माझे वडील साताऱ्याहून सचिवालयात कारकून म्हणून आले, ते एका निकालपत्राच्या बळावर. कुणी तारखात्यात आले, कुणी रेल्वेत, कुणी लेखापरीक्षा खात्यात. परीक्षेचा कागद वडिलांची ओळख विचारीत नाही, ही आपल्या पांढरपेशा समाजाची दृढ श्रद्धा. आणि या श्रद्धेचे सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणजे चिंतामणराव देशमुख. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील हा मुलगा १९१२ साली मॅट्रिकला पहिला आला, १९१८ साली लंडनमध्ये आय. सी. एस. च्या परीक्षेत पहिला आला. पुढे १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० पासून १९५६ पर्यंत देशाचे अर्थमंत्री होते आणि १९६२ ते १९६७ या काळात आपल्या दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. "अभ्यास कर, पहिला ये, बाकीचे आपोआप होईल," हे वाक्य ऐकतच आपण सारे वाढलो.

मात्र ज्या व्यवसायाबद्दल मी बोलणार आहे, तेथे हे वाक्य अर्धेच खरे आहे.

प्रथम हा व्यवसाय काय आहे ते थोडक्यात सांगतो. एखाद्या कंपनीला भांडवल उभारावयाचे असते, दुसरी कंपनी विकत घ्यावयाची असते, किंवा स्वतःच विकले जावयाचे असते. अशा वेळी तिचे मोल ठरवणारा, कागदपत्रे सिद्ध करणारा आणि पैसे देणाऱ्यांशी गाठ घालून देणारा जो मध्यस्थ, तो इन्व्हेस्टमेंट बँकर. आमच्या तरुणपणी त्याला मर्चंट बँकर म्हणत. ग्रिंडलेज बँकेने १९६७ साली हे काम आपल्याकडे सुरू केले आणि १९७२ साली स्टेट बँक त्यात उतरली. १९४७ च्या कायद्यान्वये कोणत्या कंपनीने किती भाग विकावेत आणि कोणत्या किमतीस विकावेत, हे भांडवल नियंत्रक ठरवीत असे, आणि त्याचे कार्यालय येथेच, अर्थमंत्रालयात होते. १९९२ साली ते नियंत्रण संपले, सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले, आणि किंमत ठरविण्याचे काम कंपनी व तिचा बँकर यांच्याकडे आले. त्याबरोबर या व्यवसायाची प्रतिष्ठा, मिळकत आणि त्यात शिरू पाहणाऱ्यांची गर्दी ही तिन्ही वाढली.

आता गर्दी वाढली की चाळणी येते. जागा मूठभर आणि अर्ज हजारो. प्रत्येक अर्ज वाचण्यास वेळ कुणाला? म्हणून बँका सर्वांत स्वस्त चाळणी वापरतात, ती महाविद्यालयाच्या नावाची. अमेरिकेतील लॉरेन रिव्हेरा या विदुषीने १२० जणांच्या मुलाखती घेऊन आणि एका पेढीत प्रत्यक्ष बसून या भरतीचा अभ्यास केला. त्यांचा 'पेडिग्री' हा ग्रंथ २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष असा की, मोठ्या पेढ्या आधी विद्यापीठांची यादी करतात. यादीबाहेरचा अर्ज, आतल्या कुणाची ओळख नसेल तर, बहुधा वाचलाच जात नाही. पुढे मुलाखतीतही उमेदवार आपल्यासारखा वाटतो की नाही, यास फार महत्त्व दिले जाते.

पूर्वी असे नव्हते काय? गोल्डमन सॅक्स या विख्यात पेढीत सिडनी वाइनबर्ग नावाचा ब्रुकलिनचा एक मुलगा १९०७ साली झाडलोट करणाऱ्याचा मदतनीस म्हणून लागला. शाळा त्याने अर्ध्यावरच सोडलेली होती. १९३० साली तो त्याच पेढीचा प्रमुख भागीदार झाला आणि १९५६ साली फोर्ड मोटार कंपनीची पहिली भागविक्री त्याच्याच पुढाकाराने पार पडली. आज मात्र झाडूपासून सुरू झालेली अशी वाट कुणी मुलांना दाखवू नये. तसेच, नागपुरात जन्मलेले विक्रम पंडित २००७ साली सिटीग्रुपचे प्रमुख झाले, याचा आपणा सर्वांना अभिमान वाटला; परंतु ते कोलंबिया विद्यापीठाचे पदवीधर आणि डॉक्टरेट. ते दार त्यांच्यासाठी उघडेच होते. यादीबाहेरच्या मुलाला त्यांचे उदाहरण देणे म्हणजे गडाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्याला बुरुजाचे चित्र दाखविण्यासारखे आहे.

आपल्या दिल्लीत ही यादी किती निष्ठुर आहे, हे येथील आईबापांना मी सांगावयास नको. २०११ साली श्रीराम महाविद्यालयाने बारावीला वाणिज्य न घेतलेल्या मुलांसाठी शंभर टक्के गुणांची अट लावली, तेव्हा देशभर ओरड झाली. २०२२ पासून प्रवेश स्वतंत्र सामायिक परीक्षेवर होऊ लागले. पण दोन गुणांचा फरक आणि त्यापायी बदलणारे महाविद्यालय, ही स्थिती कायम आहे. अठराव्या वर्षी त्या दोन गुणांनी जे फाटक बंद झाले, ते एकविसाव्या वर्षी पुन्हा एकदा तोंडावर बंद होते.

येथे स्वतःविषयी थोडे सांगतो, त्याची क्षमा असावी. मी एका सायंकालीन महाविद्यालयातून बी. कॉम. झालो. नंतर दरियागंजातील एका लहान पेढीत उमेदवारी करून १९८३ साली चार्टर्ड अकाउंटंट झालो. मर्चंट बँकिंगचे वेड कुठून तरी डोक्यात शिरले होते. अकरा ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणांहून नकार आला; नऊ ठिकाणांहून तेवढेही आले नाही.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात वडिलांनी मला एका गृहस्थांपुढे उभे केले. ते याच व्यवसायात मोठ्या हुद्द्यावर होते. वडील काही बोललेच नाहीत. 'कुणाच्या दारात जाऊ नये' हे त्यांचे आयुष्यभराचे व्रत. ते मोडताना त्यांची मान खाली गेलेली मला आजही दिसते. ते गृहस्थ मला म्हणाले, "नोकरी माझ्या हातात नाही, आणि असती तरी मागितलीस म्हणून दिली नसती. पण काम काय असते ते दाखवीन. रविवारी सकाळी वही घेऊन ये."

रविवारी त्यांनी एका सिमेंट कंपनीच्या भागविक्रीचे माहितीपत्रक माझ्या हाती ठेवले आणि विचारले, "या कंपनीला तू तुझ्या आईचे पैसे देशील का? दोन पानांत लिहून आण." पुढच्या रविवारी त्यांनी माझी दोन पाने लाल शाईने भरून टाकली. कंपनीने कर्ज कशासाठी काढले ते मी पाहिलेच नव्हते. चुनखडीची खाण किती वर्षे पुरेल हे विचारलेच नव्हते. असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी त्यांनी तीन नावे दिली आणि बजावले, "मी पाठविले म्हणून सांग, पण माझ्या नावावर काही मागू नकोस. तुझी दोन पाने दाखव." तिघांपैकी तिसऱ्याने ती पाने वाचली आणि मला तुटपुंज्या विद्यावेतनावर ठेवून घेतले. ते गृहस्थ आज हयात नाहीत. मी त्यांचे नाव भर सभेत घ्यावे हे त्यांना रुचले नसते, म्हणून घेत नाही.

मित्रहो, वशिला आणि ओळख यांतला भेद मी त्या सहा रविवारी शिकलो. वशिला उमेदवाराचे काम न पाहता त्याला आत ढकलतो. ओळख त्याचे काम पाहावयास कुणाला तरी भाग पाडते. वशिल्याने दुसऱ्याचा हक्क बुडतो. ओळखीने बुडत नाही, कारण पुढची परीक्षा द्यावीच लागते. नावाजलेल्या महाविद्यालयातील मुलांना ही ओळख माजी विद्यार्थ्यांकडून न मागता मिळते. आपली मुले मात्र तिला वशिला समजून तिच्यापासून दूर राहतात, आणि आपणही त्यांना तसेच शिकवितो.

आता मुलांसाठी चार व्यावहारिक गोष्टी.

पहिली गोष्ट. परीक्षेवरची आपली श्रद्धा जेथे अजूनही फळते, अशी एक वाट शिल्लक आहे. १ जुलै १९४९ रोजी स्थापन झालेली चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था येथे आय. टी. ओ. जवळ आहे. ती तुमचे महाविद्यालय विचारीत नाही; पत्रद्वारा शिकलेला पदवीधरही तेथे चालतो. २०२३ पासून तिची उमेदवारी दोन वर्षांची झाली आहे. ही दोन वर्षे कुठे काढावयाची, याचा मात्र विचार करा. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीपूर्वी हिशेब तपासून देणारे विभाग मोठ्या लेखापेढ्यांत असतात. तेथे जागा मिळाली तर बँकर आपल्यासमोरच्या खुर्चीत बसलेला असतो. राष्ट्रीय शेअर बाजाराचे २०१७ ते २०२२ या काळातील प्रमुख विक्रम लिमये हे प्रथम चार्टर्ड अकाउंटंट होते. व्हॉर्टन आणि वॉल स्ट्रीट नंतर आले. अंतिम परीक्षा कठीण आहे, तीत पुष्कळजण अडकतात, हेही जाणून असा.

दुसरी गोष्ट. माझ्या काळी माहितीपत्रक मिळविण्यासाठी कुणाचे तरी पाय धरावे लागत. आज भाग विकू पाहणाऱ्या कंपनीचा मसुदा सेबीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतो. आपल्या गुरुग्रामच्या, तेव्हा झोमॅटो या नावाने चालणाऱ्या कंपनीने २०२१ च्या एप्रिलमध्ये असा मसुदा दाखल केला आणि जुलैमध्ये ७६ रुपये भावाने ९,३७५ कोटी रुपयांची भागविक्री केली. तो मसुदा उघडा. धोके कोणते सांगितले आहेत, पैसा कशासाठी हवा आहे, तोटा का होतो आहे, किंमत कोणत्या आधारावर सांगितली आहे, हे वाचा. मग स्वतः तक्ता मांडून पुढील पाच वर्षांचा अंदाज करा, मोल काढा, आणि दोन पानांत लिहा : 'आईचे पैसे द्यावेत की नाही?' अशा पाच कंपन्यांची दहा पाने ज्याच्या हाती आहेत, त्याच्याजवळ महाविद्यालयाच्या नावाव्यतिरिक्त दाखविण्याजोगे काही आहे.

तिसरी गोष्ट. मुख्य दार बंद असेल तर बाजूची दारे पाहा. इव्हॅल्यूसर्व्ह किंवा अ‍ॅक्युटी यांसारख्या पेढ्यांच्या गुरुग्राममधील कार्यालयांत परदेशी बँकांसाठी मूल्यमापनाचे आणि संशोधनाचे काम चालते. त्या कामाला झगमगाट नाही. पण हात तयार होतो. मुंबई व राष्ट्रीय शेअर बाजारांनी २०१२ साली लहान उद्योगांसाठी स्वतंत्र मंच उघडले. त्यांवरील भागविक्री करून देणाऱ्या मर्चंट बँकर पेढ्या लहान असतात, आणि दिल्लीतही आहेत. नोंदणीकृत पेढ्यांची पत्त्यांसह यादी सेबी प्रसिद्ध करते. लहान पेढीत दोन वर्षांत जेवढे काम अंगावर पडते, तेवढे मोठ्या बँकेत चार वर्षांत पडत नाही. मात्र पेढी निवडताना तिने पूर्वी बाजारात आणलेल्या कंपन्यांचे पुढे काय झाले, ते जरूर पाहा. १९९४-९५ च्या सुमारास वर्षाला हजारांवर भागविक्री झाल्या, आणि त्यांतील कित्येक कंपन्या लोकांचे पैसे घेऊन दिसेनाशा झाल्या. त्यांच्याही कागदांवर कुणा बँकरची सही होतीच.

सेबीने स्थापन केलेली एक शिक्षणसंस्था रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. मर्चंट बँकिंगसाठी ती एक प्रमाणपत्र परीक्षा घेते. ती जरूर द्यावी; परंतु प्रमाणपत्र म्हणजे नोकरी असे समजू नये.

चौथी गोष्ट पत्राची. अनोळखी माणसाला लिहिताना सहा ओळींपेक्षा अधिक लिहू नका. नोकरी मागू नका. त्याच्या कामाविषयी एक नेमका प्रश्न विचारा, आपली दोन पाने जोडा आणि पंधरा मिनिटांचा वेळ मागा. उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनी एकदा आठवण द्या, आणि त्यानंतर थांबा. वीस पत्रांस एक उत्तर आले तरी निराश होऊ नका. उत्तर बहुधा मुंबईहून येईल. कारण या व्यवसायाची राजधानी तेथे आहे. आजोबा पोटासाठी महाराष्ट्र सोडून दिल्लीस आले आणि नातू त्याच कारणासाठी मुंबईची गाडी धरतो, हाही काळाचा महिमा!

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हे निमंत्रण खरोखर स्वीकारले, ती सांगतो.

मी खुर्चीवर बसलो, तेव्हा आमच्याकडेही महाविद्यालयांची एक यादी होती. ती मी केलेली नव्हती. पण माझ्या टेबलावर ती होती आणि मी ती वापरीत होतो. एका वर्षी गाझियाबादच्या एका महाविद्यालयातील मुलीचा अर्ज आला. आडनाव मराठी होते. सोबत काही पाने जोडलेली होती. महाविद्यालय यादीत नव्हते. मी पाने न उलटता अर्ज बाजूच्या गठ्ठ्यात ठेवला. आडनाव पाहून थांबलो तर तो वशिला होईल, असे मनाशी म्हटले, आणि आपण मोठे निःस्पृह आहोत असे वाटून घेतले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या मुलीची आई आमच्या हिला भेटली. मी कुठे काम करतो हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या सहज म्हणाल्या, "बारा ठिकाणी अर्ज केले हो तिने. नकाराचे वाईट वाटत नाही. पण निदान कुणी वाचून नकार दिला असता, तर कुठे चुकले ते तरी कळले असते." हिने घरी येऊन ते मला सांगितले. दुसऱ्या दिवशी मी तो गठ्ठा शोधला. तो केव्हाच रद्दीत गेला होता. त्या पानांत काय होते, ते मला कधीच कळणार नाही. ज्याने माझी दोन पाने वाचली त्याच्यामुळे मी उभा राहिलो, आणि माझी पाळी आली तेव्हा मी वाचले नाही. यास निःस्पृहता म्हणत नाहीत. हा आळस, आणि आळसाहून वाईट म्हणजे विसर.

म्हणून माझी मंडळास एक विनंती आहे. पन्नास वर्षांत आपण नाटके केली, गणपती बसविले, मुलांना मराठी शिकविले. आता एक वही घालावी. आपल्यातील सनदी लेखापाल, बँकर, वकील, अभियंते, डॉक्टर यांनी तीत आपली नावे लिहावीत आणि वर्षाकाठी सहा रविवार द्यावेत. नियम तीनच असावेत : नोकरी मागावयाची नाही, नोकरी कबूल करावयाची नाही, आणि जे लिहून आणले ते वाचल्याशिवाय परत द्यावयाचे नाही. दारावर आलेल्याचे आडनाव मराठी आहे की नाही, हेही पाहू नये. शेजारच्या गढवाली वा बिहारी मुलाचे महाविद्यालयही बहुधा यादीबाहेरचेच असते. पहिले नाव मी आज सभेनंतर लिहीत आहे.

पालकांसही दोन शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. या व्यवसायातील पगाराचे आकडे आपण ऐकता. तासांचे आकडेही ऐकावेत. २०२१ साली गोल्डमन सॅक्समधील तेरा नवशिक्या कर्मचाऱ्यांनी आपली पाहणी केली, तेव्हा आठवड्यास सरासरी ९५ तास काम आणि रात्री पाच तास झोप, असे निघाले. शिवाय ही सरकारी नोकरी नव्हे. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा नावाजलेल्या विद्यापीठांची मुले पुठ्ठ्याच्या खोक्यांत सामान भरून रस्त्यावर आलेली जगाने पाहिली. तेव्हा मुलाला अथवा मुलीला जावयाचे असेल तर डोळे उघडे ठेवून जाऊ द्या; आणि शिरकाव न झाल्यास त्यास अपयश म्हणू नका. ताळेबंद वाचता येणारा, दोन पानांत आपले मत नेमके मांडणारा माणूस पतमापन संस्थेत, बँकेत, कारखान्याच्या वित्तविभागात, कुठेही उपाशी राहत नाही.

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच कुणापुढे मान खाली घातली, ती माझ्यासाठी. आपल्या मंडळात यापुढे कुणाही बापाला तेवढ्यासाठी मान खाली घालावी लागू नये. त्याने सरळ यावे, वहीतील नाव पाहावे, आणि मुलाला सांगावे, "रविवारी सकाळी जा, वही घेऊन जा."